मापाची खुर्ची

२१ नोव्हेंबर २०२३, गारखेडा

आज मी करवत विकत आणली. लिहून ठेवते, कारण घरात अजून कुणाला खरं वाटत नाहीये.

शिलाई मशीनच्या टेबलाचा पाय ऐन दिवाळीच्या गर्दीत मोडला. सुतार रोज 'उद्या येतो' म्हणतो. टेबलाखाली विटा लावून मी लोकांचे ब्लाउज शिवले. आज डोकं फिरलं. फोनवर एक व्हिडिओ लावला, बाजारातून करवत आणली, मोडक्या पलंगाची पट्टी कापली आणि पाय ठोकून दिला. टेबल डुलतं, पण उभं आहे.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई आवडाबाई, दारात बसून म्हणाल्या, "बाईमाणसानं करवत धरलेली आजवर बघितली नाय." मग चहा थंड होईपर्यंत बघतच बसल्या.

हे ड्युटीवरून आले. वाळूजच्या एका कंपनीची स्टाफ बस चालवतात. टेबल हलवून बघितलं, म्हणाले, "हं." यांचं बोलणं रिक्षाचं मीटर चालू असल्यासारखं, जपून.

३ डिसेंबर

एक स्टूल केलं. खरं तर करायला घेतलं होतं उंच. एक पाय लांब झाला म्हणून कापला, मग दुसरा लांब वाटला, तोही कापला. असं करत करत हलायचं थांबलं तेव्हा ते वीतभर उरलं होतं. कापडाचं बरं असतं, चुकलं की उसवता येतं. लाकूड एकदा कापलं की कापलं.

हे म्हणाले, "बसमध्ये पाय ठेवायला होईल," आणि सकाळी घेऊन गेले. वाईट वाटलं. आयुष्यातली पहिली वस्तू, आणि तिच्यावर चपला.

१८ फेब्रुवारी २०२४

जुन्या मोंढ्याकडं हैदरभाईंची लाकडाची वखार आहे. आज पहिल्यांदा गेले. गल्ल्यावर बसलेले हैदरभाई म्हणाले, "ताई, मिस्त्रीला पाठवा. आप कैको तकलीफ लेते?"

म्हटलं, मिस्त्री मीच आहे.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. एक फळीचा तुकडा माझ्या हातात दिला. "झाड उभं होतं, तेव्हा याचं वरचं टोक कुठलं?"

मी अंदाजानं एक टोक दाखवलं. ते म्हणाले, "गलत. घरी न्या. का गलत ते समजलं की या, मग लाकूड देतो."

म्हणजे द्यायचंच नव्हतं. बाईला सरळ नाही म्हणवत नाही म्हणून ही तऱ्हा. रागारागात आले. रागात तो तुकडाही सोबत आला.

२५ फेब्रुवारी

समजलं! फळीत एक गाठ आहे. गाठ म्हणजे तिथं फांदी होती. फांदी झुकते वरच्या अंगाला. मग रेषा बघत गेले, आणि लख्ख दिसलं की लाकडालाही कापडासारखा उभा धागा आणि आडवा धागा असतो. वीस वर्षं हेच तर करतेय मी! आडव्या धाग्यावर ब्लाउज कापला तर तो अंगावर बसत नाही, ताणला की फाटतो.

धावत वखारीत गेले. हैदरभाईंना गाठ दाखवून कारण सांगितलं. ते म्हणाले, "हौ." मग आत जाऊन सागवानाच्या फळ्या स्वतः निवडून दिल्या. मला वाटतं, मी पुन्हा पुन्हा येऊन डोकं खाऊ नये म्हणून असेल.

९ जून

आत्याबाईंसाठी खुर्ची केली.

त्यांना खुर्चीतून उठताना बघत होते. पुढं सरकतात, गुडघ्यावर हात, 'आई गं', मग पुन्हा मागं. घरातली खुर्ची कुणाच्या मापाची आहे? कारखान्यातल्या कुणा माणसाच्या. आत्याबाई तर पाच फूटसुद्धा नाहीत. मी टेप घेतली. गुडघ्यामागून टाचेपर्यंत, पाठीच्या बाकापासून गुडघ्यापर्यंत, बसल्यावर कोपर कुठं येतं. ब्लाउजचं घ्यावं तसंच.

"आता खुर्चीला बाह्या लावतीस का काय?" आत्याबाई म्हणाल्या.

या वेळी खिळे मारले नाहीत. एका लाकडाचं टोक कोरून कुसू करायचं, दुसऱ्यात खाच पाडायची, कुसू खाचेत घट्ट बसवायचं. पहिली तीन-चार वाया गेली. पाचव्याला असा आवाज आला, जसा डबीचं झाकण बसताना येतो. मी एकटीच हसले.

संध्याकाळी त्या बसल्या. जरा मागं-पुढं सरकल्या. मला वाटलं, टोचतंय. मग खाली वाकून आपल्या पायांकडं बघितलं त्यांनी. "दीपमाला, आजवर कंच्याच खुर्चीत माझे पाय टेकले नव्हते गं."

रात्री जेवायलासुद्धा तिथून उठल्या नाहीत.

२० ऑक्टोबर

दिवाळीचे ब्लाउज या वर्षी मोजकेच घेतले. खुर्च्यांचं काम आहे! एका मास्तरांना पाठीसाठी, एका बाळंतिणीला बाळाला पाजताना टेकायला. आणि गंमत म्हणजे बरीचशी गिऱ्हाइकं वाळूजची. तिकडं माझा नंबर कसा पोचतो कळत नाही. आत्याबाईंच्या खुर्चीचा फोटो फिरत असावा. फोनचं काही सांगता येत नाही.

यांना सांगितलं. म्हणाले, "असंल."

१२ जानेवारी २०२५

आज फार मोठा माणूस घरी आला. मोठा म्हणजे खरोखरचा मोठा. दारातून तिरकं होऊन आत यावं लागलं.

सोयगावचे अप्पाराव आचारी. लग्नाच्या जेवणावळी करतात. सोबत त्यांची मुलगी प्रेरणा. एप्रिलमध्ये तिचं लग्न आहे. 'बसा' म्हटलं तर अप्पाराव म्हणाले, "नाय, उभाच बरा हाय."

मग प्रेरणाच बोलली. कन्नडला तिच्या मावशीच्या लग्नात अप्पाराव प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले, खुर्चीचे पाय फाकले आणि ते भर मांडवात आडवे झाले. पोरांनी फोन काढले. तो व्हिडिओ सगळ्या पाहुण्यांत फिरला. तेव्हापासून अप्पाराव कुठल्याच लग्नात बसत नाहीत. जेवतातही चुलाण्याजवळ, उभ्यानं.

"आता म्हणतात कन्यादानालाही उभा राहतो," प्रेरणा म्हणाली. "मी सांगून ठेवलंय. बाबा बसले नाहीत तर मी बोहल्यावर चढत नाही."

अप्पाराव म्हणाले, "आगं, पाटावर बसलो तर उठवायला भटजीला मंत्र सोडून हात द्यावा लागंल." आणि हसले. त्या हसण्यात हसू नव्हतं.

मी विचारलं, माझ्याकडं कसे आलात?

"वाळूजला एका कंपनीत जेवणाचं काम होतं. येताना तुमच्या मालकांनी बसमधून आणलं. सीटवर मावंना, मी आपला उभा. त्यांनी एक बुटकं स्टूल पुढं केलं. म्हणाले, बसा, आमच्या घरच्यांनी केलंय, हलणार नाय. गारखेड्यापर्यंत पाय लांब करून बसून आलो ताई, उठताना मालकांनीच हात दिला. बसमधल्या समद्यांना ठावं हाय ते स्टूल."

लाजेनं मान वर होईना. ते स्टूल! दाखवायचंच तर चांगलं काही दाखवावं. यांना एवढंही कळत नाही.

माप घेतलं. ब्लाउजचा आकडा मी कधी मोठ्यानं वाचत नाही. तो माझ्यात आणि त्या बाईत राहतो. अप्पारावांचंही तसंच केलं. टेप पुरली नाही तिथं दोरा घेतला आणि न बोलता गाठ मारली. त्यांनी श्वास आत ओढून धरला होता.

"श्वास सोडा," मी म्हटलं. "खोटं माप दिलं तर खुर्ची तुम्हालाच टोचेल."

त्यांनी सोडला. आणि या वेळी खरं हसले.

२ फेब्रुवारी

मागच्या मोकळ्या जागेवर यांनी पत्रे टाकून घेतले. म्हणाले, मोटारसायकलला ऊन लागतं. पण गाडी रस्त्यावरच उभी करतात. वर दिवाही लावलाय, आणि कमरेच्या उंचीवर विजेचं बटण. गाडीला बटण कशाला? विचारलं तर म्हणाले, "असू दे." जागा रिकामी होती म्हणून मी माझा पसारा तिकडं नेला. गाडी आत आणायची झाली की उचलीन, असं सांगितलंय त्यांना.

२३ फेब्रुवारी

नको तेच झालं.

अप्पारावांची खुर्ची तयार होती. सागवानाची, पाठीवर वेलबुट्टी कोरलेली. देखणी. बघायला शेजारच्या बायका येऊन गेल्या. टेम्पोनं वखारीत नेली, कारण वजनाची माणसं तिथं मिळतात. हैदरभाईंनी तीन हमालांना हाक मारली. दोघं बसले, तिसरा त्यांच्या मांडीवर. सगळे हसत होते. आणि मागचा डावा पाय बोलला. कट्.

हमाल उड्या मारून उठले. पायाला वरपासून चीर गेली होती.

हैदरभाई म्हणाले, "अच्छा हुआ, इधर हुआ."

मला मात्र मांडव दिसला. भटजी, पाहुणे, वर धरलेले फोन. घरी येताना डोळ्यांना पदर लावून बसले. कुणाची बाही घट्ट झाली तर उसवून देता येते. हे उसवता येणार नाही. मी कोण मोठी खुर्च्या करणारी! व्हिडिओ बघून शिकलेली शिंपीण.

अप्पारावांना फोन केला, सगळं खरं सांगितलं. म्हटलं, तुम्ही दुसरीकडं बघा.

ते म्हणाले, "ताई, माझी भाजीबी कधीमधी करपती. मी पातेलं घासतो नि पुन्हा टाकतो." मग म्हणाले, "दुसरीकडं माप देणार नाय मी."

मी काहीच कबूल केलं नाही.

२ मार्च

सकाळीच हे म्हणाले, "सोयगावची वांगी चांगली असतात. जाऊन येऊ." एवढ्या लांब, वांग्यांसाठी? पण घरात बसून तरी काय करणार होते. एसटीनं गेलो.

तिथं गेल्यावर म्हणाले, आलोच आहोत तर अप्पारावांकडं डोकावू. मी नको म्हणत होते, पण हे पुढं चालायला लागले.

अप्पारावांच्या घरामागं मोठी चूल आणि शेजारी सिमेंटचा ओटा. गीताबाईंनी, त्यांच्या बायकोनं, आम्हाला चहा दिला. मी तोंड लपवून बसले होते आणि नकळत अप्पारावांकडं बघत होते. भाजी ढवळून झाली की ते ओट्यावर बसायचे. आधी डावा हात टेकवायचा. मग सगळा भार डावीकडं, धप्प. मग सरकत सरकत मधोमध. उजवा गुडघा त्यांचा वाकतच नाही.

मी उभी राहिले. "पुन्हा बसा बरं."

"आँ?"

"उठा, आणि पुन्हा बसा."

बिचारे चार-पाच वेळा उठले-बसले. मी बसलेल्या माणसाचं माप घेतलं होतं. बसणाऱ्याचं घेतलंच नव्हतं! माणूस काही मांडवात आधीच बसलेला नसतो, तो तिथं येऊन बसतो. आणि दोन्ही बाजूंनी सारखं तर कुणाचंच अंग नसतं. ब्लाउज शिवताना एक खांदा खाली असला तर मी न सांगता तेवढं सांभाळते, आणि इथं विसरले.

परतीच्या एसटीत डोक्यात नुसती खुर्ची. सिल्लोड गेलं तरी मी बोलतच होते. खुर्चीचा डावा हात पुढं काढायचा, रुंद करायचा. मागचे पाय बाहेर फाकवायचे. कुसू जाड ठेवायचं. शिवणीत आपण माया ठेवतो, थोडं जादा कापड, तशी लाकडातही ठेवायची. हे खिडकीबाहेर बघत 'हं' म्हणत होते.

घरी आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, वांगी कुठंयत?

"राहिलीच की," हे म्हणाले.

६ मार्च

हैदरभाईंना सगळं सांगितलं. म्हणाले, "सागवान देखणा, वो ठीक. पण तुमच्या बापाच्या बैलगाडीची चाकं कशाची होती?"

"बाभळीची."

"तो फिर?"

कन्नडकडच्या आमच्या शेतात बांधावर ओळीनं बाभळी होत्या. वडील औताला दुसरं लाकूड लावत नसत. आणि मी वेलबुट्टीच्या नादात सागवान घेऊन बसले.

हैदरभाईंनी ढिगाच्या तळातून बाभळीचं लाकूड काढायला लावलं. चांगलं वाळलेलं, सरळ धाग्याचं, एक गाठ नाही. टोकाला खडूनं 'गारखेडा' लिहिलेलं होतं. म्हटलं, आमच्याकडच्या दुसऱ्या कुणीतरी सांगून ठेवलेलं दिसतंय, आधी त्याला द्या. हैदरभाई टोपी काढून डोकं खाजवत हसत राहिले. "ले जाओ ताई. वो कुछ नहीं बोलते."

३० मार्च, गुढीपाडवा

बाभूळ म्हणजे हट्टी माणूस. रंध्याची धार जाते, पटाशी उडते, हाताला फोड आलेत. पण एकदा ऐकलं की मग फिरत नाही. आज शेवटचं कुसू बसवलं. नक्षी नाही, पॉलिश नाही, फक्त तेल. हात फिरवला तर गार आणि गुळगुळीत, नदीतल्या दगडासारखी.

आत्याबाईंनी फेरी मारून बघितली. "खुर्ची कमी नि बैलगाडी जास्त हाय." मग हळूच बसून बघितलं. पाय टेकले नाहीत. "माझी नाय ही," म्हणून समाधानानं उतरल्या.

वखारीत पुन्हा तीन हमाल. मग चौथा. मी कान देऊन उभी. एक आवाज नाही. हैदरभाई गल्ल्यावरून उठले, हमालांना बाजूला केलं, स्वतः बसले आणि डोळे मिटून घेतले. गिऱ्हाईक हाका मारत होतं तरी उठेनात. दमले असतील, रोजे होते ना.

६ एप्रिल

अप्पाराव बसून बघायला आले. पत्र्याखाली खुर्ची ठेवली होती. डावा हात टेकवला, धप्प. खुर्ची गप्प. ते मधोमध आले, पाठ टेकवली.

मग म्हणाले, "चहा मिळंल का?"

चहा प्यायले. मग आणखी एक मागितला. मग उठले, पुन्हा बसले. पुन्हा उठले, पुन्हा बसले. अजून विश्वास बसलेला नाही बिचाऱ्यांचा. दुपारी आले होते, ऊन उतरलं तरी हलेनात. मला फार काळजी वाटते. मांडवातही असेच धसक्यात राहिले तर?

२० एप्रिल, सोयगाव

लग्न झालं.

मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते आणि फक्त मागचा डावा पाय बघत होते. कन्यादानाला अप्पाराव आले. नवं धोतर, फेटा. मांडवातल्या माना वळल्या. कन्नडची पाहुणेमंडळी होतीच, त्यांना सगळं आठवत होतं. गीताबाई शेजारी. अप्पारावांनी डावा हात टेकवला.

धप्प.

काही झालं नाही. भटजींनी मंत्र सुरू केले. समोरच्या एका पाहुण्यानं फोन वर केला. अप्पारावांनी बघितलं. एका हातानं फेटा सारखा केला, मिशीवरून बोट फिरवलं आणि फोनकडं बघून असे बसले, जसा गावचा पाटील बसावा! प्रेरणा वधूवेशात फिस्सकन हसली. मग गीताबाई. मग सगळा मांडव. भटजीही एक ओळ चुकले. अप्पारावांनी लेकीचा हात हातात घेतला तेव्हा ते हसतही होते आणि रडतही होते.

जेवताना खरी मजा. अप्पाराव सवयीनं चुलाण्याकडं निघाले. प्रेरणानं धोतराचा सोगाच धरला. त्यांच्याच आचाऱ्यांनी खुर्ची उचलून पंगतीच्या तोंडाशी ठेवली, पुढं टेबल, आणि नव्या नवरीनं बापाला वाढलं. अप्पारावांनी भाजीचा घास घेतला. सगळे आचारी श्वास रोखून.

"मीठ कमी हाय," अप्पाराव म्हणाले. "आणखी वाढ."

तीनदा घेतली. जेवून झाल्यावरही उठले नाहीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला बसूनच बोलवत राहिले, "ये, बस, जेव."

हे लांब कुणाकुणाशी बोलत होते, हातानं माझ्याकडं दाखवत. एवढं बोलताना मी यांना बघितलं नव्हतं. गारखेड्याचा रस्ता विचारत असतील लोक.

१२ मे

प्रेरणानं लग्नाचे फोटो पाठवले. मी आधी खुर्ची शोधली. कन्यादानात धोतर, उपरणं, हार. पंगतीत टेबल. सगळ्या फोटोंत अप्पाराव खुर्ची भरून उरलेत. फक्त एका ठिकाणी, त्यांच्या पंज्याखाली, खुर्चीच्या डाव्या हाताचं टोक तेवढं दिसतं.

"बघा," मी यांना म्हटलं. "एवढे फोड आले हाताला, नि खुर्ची कुठं दिसतच नाही."

यांनी फोन हातात घेतला. एकेक फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाले, "अप्पाराव बसलेत, ते दिसतंय की."

पंगतीचा फोटो मोठा करून भिंतीला लावला. आज एक बाई पाठीसाठी खुर्चीचं माप द्यायला आल्या. फोटोकडं बघून त्यांनाही उगाच हसू आलं. म्हणाल्या, "हे कोण हो?"

मी टेप शोधत होते. म्हटलं, "सोयगावचे अप्पाराव. लेकीच्या लग्नात जेवताहेत."